कोरड्या गारांचा क्लेम

शनिवार, १२ मार्च १९८३

तेवीस! सकाळी उजेड झाल्यावर मोजली. पुढच्या खोलीवर अकरा, स्वयंपाकघरावर नऊ, न्हाणीवर तीन. छपराला तेवीस भोकं.

काल दुपारी साडेचारला आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि पत्र्यावर कुणी खडे मारावेत तसा आवाज. आधी सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. वीस मिनिटं. सिमेंटचे पत्रे पापडासारखे मोडून राहिले होते आणि आम्ही नवरा-बायको पलंगाखाली. महानंदा हात जोडून सगळ्या देवांची नावं घेत होती. मी कंपनीचं नाव घेत होतो.

लिहायला लाज वाटते, पण इथं कोण वाचतंय — मला आतून आनंद झाला! घराच्या विम्याची एजन्सी घेऊन चार वर्षं झाली. औशातला माणूस मला बघून गल्ली बदलतो. विमा काढा म्हटलं की म्हणतात, "शिवमूर्ती अप्पा, आमचं घर पडायची वाट बघून राहिला का?" आमच्या गल्लीत माझ्यासकट सात घरांचा विमा आहे. तोही मी उठून जावं म्हणून काढलेला! आता एकदा कंपनीचा चेक गल्लीत येऊ दे. मग बघतो कोण गल्ली बदलतो ते.

पलंगाखालीच महानंदानं विचारलं, "आता देती का तुमची कंपनी?"

म्हटलं, "देती म्हणजे? घरी आणून देती!"

रविवार, १३ मार्च

बगलेत बॅग घेऊन सातही घरं फिरलो. लोक रडवेले, आणि मी लग्नाला आल्यासारखा. चेहरा लांब करायचा प्रयत्न केला. जमला नाही.

शेजारचा अण्णाराव गारेगार विकतो. दारातच उभा होता. "बर्फावर पोट भरतो अप्पा, आन् बर्फानंच घर फोडलं की!" त्यानं अंगणातल्या सहा सगळ्यात मोठ्या गारा वेचून, फडक्यात गुंडाळून गारेगारच्या पेटीत ठेवल्यात. "पुरावा हाय. कंपनीचा माणूस आला की दाखवतो."

"पुराव्याची काय गरज?" मी म्हणालो. "कंपनी इमानाची हाय."

शेवटी गंगम्माकडे गेलो. पुढं पिठाची गिरणी, मागं दोन खोल्यांचं घर. नवरा वारल्यावर सहा वर्षं गिरणी एकटीच चालवते. माहेर निलंग्याकडचं, मला तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. गिरणीवरचं छप्पर जुन्या टिनाचं, ते चेपून का होईना टिकलं. घरावरचं छप्पर मात्र आता वर कमी आणि खाली जास्त आहे. अंथरुणावर पत्रा, चुलीत पत्रा. पिठाच्या डब्यात गारा विरघळून लगदा झालेला.

"तम्मा, तू म्हणला होतास ना — आभाळातनं पडंल ते सगळं धरून हाय म्हणून?"

"हाव अक्का," म्हणालो.

तिथं जास्त थांबलो नाही. डोकं दुखत होतं.

मंगळवार, १५ मार्च

लातूरला जाऊन आलो. नवा जिल्हा झाल्यावर कंपनीनं नवी शाखा उघडली आहे, गंजगोलाईजवळ एका लॉजच्या माडीवर. खाली पाटी लॉजचीच. वर गेलो तर चपरासी म्हणाला, "खोली पायजे का?"

साहेब पुण्याहून नवेच आलेत. माणूस सभ्य, शर्ट पांढरा, टेबलावर पाण्याचा तांब्या कुलपात! (पाण्याची एवढी किंमत त्यांना इथं आल्यावरच कळली म्हणे.) मी गारपिटीचं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"तुमच्या तालुक्यात दुष्काळ जाहीर झालाय ना?"

"झालाय साहेब."

"मग गारा कशा पडल्या?"

"वरून, साहेब."

त्यांनी ते लिहून घेतलं! मग कागदांची यादी दिली. फॉर्म इंग्रजीतला, तीन प्रती. तलाठ्याचा पंचनामा. तहसिलीतून त्या दिवशीच्या पावसाचा दाखला. मूळ पॉलिसीची फाईल — ती उस्मानाबादच्या कचेरीत, कारण पॉलिसी काढल्या तेव्हा औसा त्या जिल्ह्यात होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्व्हेअर येऊन नुकसान बघेपर्यंत कुणी काही हलवायचं नाही. फुटलेलं जसंच्या तसं पडू द्यायचं.

"सर्व्हेअर कधी येतील?"

"नांदेडला असतात. त्यांच्याकडे तीन जिल्हे आहेत." मग आठवून म्हणाले, "चार. आता चार झाले."

बुधवार, १६ मार्च

गल्लीत सांगितलं, काही हलवायचं नाही. अण्णारावची बायको साखराबाई म्हणाली, "मग भाकरी छत्री धरून करू का?" म्हटलं, करा.

शुक्रवार, १८ मार्च

उस्मानाबाद. जाताना अडीच तास उभा. कचेरीत जुना ओळखीचा कारकून भेटला. गेल्या वर्षीपर्यंत मला "या शिवमूर्ती, या" म्हणायचा. आज पाहुण्यासारखं "बसा" म्हणाला.

"गारा कुठं पडल्या?"

"औशात."

"औसा आता आमच्यात न्हाई."

"पण पॉलिसी तुम्हीच दिली की."

"पॉलिसी आमची. गारा तुमच्या."

चहा मात्र पाजला. फायली कुठं आहेत म्हणून विचारलं तर म्हणाला, ऑगस्टमध्ये जिल्हा वेगळा झाला तेव्हा लातूरच्या सगळ्या फायली पोत्यात भरून ट्रकनं पाठवल्या. ट्रक पोचला का? "गेला एवढं मला म्हाईत हाय. पोचायचं काम तुमच्या जिल्ह्याचं."

मंगळवार, २२ मार्च

तलाठी शेषेराव. भला माणूस, पण दुष्काळाच्या याद्या करून करून बोटं निळी झालीत. पंचनामा द्यायला तयार होता. पण म्हणाला, "आधी तहसिलीतला दाखला आणा. रजिस्टरात पाऊस असंल तर मी गारा लिहितो. पावसाबिगर गारा मी कशा लिहू?"

दोघं मिळून तहसिलीत गेलो. रजिस्टर काढलं. ११ मार्च — पाऊस निरंक!

मी ओरडलोच. कारकून शांतपणे उठला आणि आम्हाला अंगणात घेऊन गेला. पाऊस मोजायचं यंत्र तिथंच आहे. गारांनी त्याचं नरसाळंच चेपून टाकलेलं. भोक बंद. बाटलीत थेंब गेला नाही.

"बाटली कोरडी, म्हणून निरंक," कारकून म्हणाला.

"अहो, मग यंत्र मोडल्यामुळं मोजता आला नाही असं लिहा की!"

"तसा रकाना न्हाई."

गुरुवार, २४ मार्च

आज साखराबाई आणि अण्णाराव दोघं घरी आले. साखराबाई खडीच्या कामावर जाते. गल्लीतल्या जवळपास सगळ्याच बायका जातात, दुष्काळाचं काम म्हणून सरकारनं सुरू केलेलं. मला वाटलं क्लेमचं विचारायला आली.

"अप्पा, पाऊस झाला असं लिहून आणू नका."

"काहून? तुमच्याच छपरासाठी धावून राहिलो ना मी?"

"वर कळलं का औशात पाऊस झाला, तर काम बंद करतील. टँकर बंद करतील. मुकादम तसंच म्हणला."

"अहो, वीस मिनिटांचा पाऊस! जमीन तरी भिजली का?"

"आपल्याला म्हाईत हाय. कागदाला म्हाईत हाय का?"

अण्णाराव खाली बघत बसला होता. त्याला पत्रे पाहिजेत, आणि बायकोचं कामही पाहिजे. मला सात घरांसाठी पाऊस हवा, साखराबाईला चाळीस बायकांसाठी दुष्काळ. कुणाचं खोटं आहे? कुणाचंच नाही. ते गेल्यावर महानंदा म्हणाली, "चार वर्षांत पयल्यांदा तुमच्या घरी माणसं आपण होऊन आली, आन् आली ती क्लेम थांबवायला."

शनिवार, २ एप्रिल

एक गोष्ट आहे. तीन आठवडे लिहीन लिहीन म्हणतो आणि दुसरंच काहीतरी लिहितो.

गंगम्माच्या पॉलिसीत गारपीट नाही.

फॉर्मवर तेरावा रकाना आहे, वादळ आणि गारा. त्यात खूण केली की हप्ता थोडा वाढतो. बाकीच्या सहा फॉर्मवर मी खूण केली आहे. गंगम्माच्या नाही. गेल्या जूनमधली गोष्ट. वर्षाच्या वीस पॉलिसी पुऱ्या केल्या की कंपनी एजंटाला भिंतीवरचं घड्याळ देत होती. माझ्या एकोणीस झाल्या होत्या. गंगम्मा हप्ता ऐकून मागं सरली. "लई होतो, तम्मा." मी रकाना कोरा ठेवला, हप्ता उतरला, ती तयार झाली. अंगठा लावताना तिनं विचारलं, "आभाळातनं पडंल ते धरून हाय ना?" तिचं म्हणणं वीज, मला कळलं होतं. पण मी म्हणालो, "सगळं धरून हाय अक्का, बिनधास्त राहा."

मनात म्हटलं, औशात कधी गारा पडतात!

घड्याळ आमच्या पुढच्या खोलीत आहे. गारांनी त्याची काच फुटली, पण चालतंय.

बुधवार, ६ एप्रिल

सुटलं! शेषेरावनं काढली तोड. तीन रात्री विचार करत होता म्हणे. तहसिलीतल्या मोठ्या साहेबांनाही पटली. दाखला हातात आहे, शब्द न् शब्द उतरवून ठेवतो:

"दाखला देण्यात येतो की, मौजे औसा येथे दि. ११/३/८३ रोजी पाऊस निरंक असून, पावसाविना कोरड्या गारा पडल्या. सबब दुष्काळी परिस्थितीत कोणताही बदल नाही."

कोरड्या गारा! साखराबाईनं दोनदा वाचून घेतलं आणि शेषेरावच्या पाया पडायला निघाली. शिक्का अजून "जिल्हा उस्मानाबाद"चा आहे. नवा यायचा आहे. त्यावर पेनानं रेघ मारून शेषेरावनं स्वतःच्या अक्षरात "लातूर" लिहिलं आणि खाली सही केली. म्हणाला, "अप्पा, जिल्हा सरकारनं केला खरा, पण तुमच्या कागदावर मीच करून राहिलो."

लातूरच्या साहेबांनी दाखला वाचला. मला वाटलं हसतील. "आता कसं स्पष्ट झालं," म्हणाले आणि लावला फाईलला.

गुरुवार, १४ एप्रिल

पाडवा. छपराच्या भोकातूनच गुढीचा दांडा वर काढला. महानंदानं विचारलं, "हे हलवलं धरतील का?"

मंगळवार, १९ एप्रिल

आले! एकोणचाळीस दिवसांनी! नांदेडहून जीपमधून सर्व्हेअर. बुटका, घामेजलेला, गळ्यात कॅमेरा. आल्या आल्या म्हणाला, "कॅमेऱ्यात रोल नाही, पण लोकांना बरं वाटतं."

आधी माझ्या घरी. तेवीस भोकं दाखवली. तो प्रत्येक भोकाखाली उभा राहून वर बघायचा, डॉक्टर घसा बघतो तसा. "हे जुनं." "हे नवं." "हे जुनं." मी म्हटलं, साहेब, सगळी एकाच दिवशी झाली. म्हणाला, "भोकाची कड बघा. काळी पडली की जुनं." अहो, एकोणचाळीस दिवस चुलीचा धूर तिथूनच जातो, कड काळी पडणार नाही तर काय होणार! बारा भोकं जुनी निघाली.

मग अण्णाराव. तो तर एकोणचाळीस दिवस याच घडीसाठी जगत होता. रोज लातूरहून येणाऱ्या बर्फात त्यानं त्या सहा गारा राखल्या होत्या. स्वतःची पोरं आजारी पडली तर एवढं केलं नसतं, असं साखराबाई म्हणते. मोठ्या थाटात पेटी उघडली, फडकं सोडलं. आत सहा गारा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. रोज थोड्या थोड्या झिजत गेलेल्या!

सर्व्हेअरनं खिशातून पट्टी काढून मोजल्या. "दोन सूत, म्हणजे पाव इंच. एवढ्यानं पत्रा फुटत नाही."

"लिंबाएवढ्या होत्या हो साहेब!"

"मी बघितलं तेच लिहिणार."

अण्णाराव हातातलं फडकं पिळत उभा राहिला. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. त्याला पुराव्याची गरज नाही म्हणणारा मीच.

शेवटी गंगम्मा. आत गेलो. तिनं खरंच काही हलवलं नव्हतं. पत्र्याचे तुकडे पडले तिथंच. त्यांच्यामधून वाट काढून ती जाते-येते, गिरणीत पट्ट्याच्या बाजूला पोतं टाकून झोपते. सगळ्या गल्लीत कंपनीचं ऐकलेली ती एकटीच. बाकीच्यांनी कधीच तुकडे उचलून घेतले. (मीही. इथं लिहितो.)

तिनं सर्व्हेअरला टँकरच्या पाण्याचा पेला दिला. तो वर बघत राहिला. बराच वेळ. जुनं-नवं काही बोलला नाही. फॉर्मवर एकच शब्द लिहिला आणि वही मिटली.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "त्या बाईला सांगा, झाडून घ्या म्हणावं आता."

बुधवार, २० एप्रिल

पहाटेच गंगम्माच्या घरातून पत्र्याचे तुकडे ओढल्याचा आवाज. मदतीला गेलो. तीन टोपल्या मी उचलल्या. "देव तुझं भलं करो," म्हणाली. जेवण गेलं नाही.

बुधवार, ४ मे

ट्रक पोचला होता! नऊ महिन्यांपूर्वीच! फायलींची पोती लॉजच्या गच्चीवरच्या खोलीत, गाद्यांच्या खाली. साहेब म्हणाले, माझ्याकडे माणूस नाही, तुमचं तुम्हीच शोधून द्या. म्हणजे मी, एजंट, कंपनीच्या पोत्यात हात घालून आमच्याच पॉलिसी शोधायच्या!

दुपारी तीनला सातवी सापडली. गंगम्माची. तिचा अंगठा, माझी सही. तेरावा रकाना कोरा.

खोलीत मी एकटा. खिशात पेन, त्याच शाईचं. एक तिरकी रेघ ओढायची फक्त. कुणाला कळणार होतं? नरसाळं चेपलं म्हणून तहसिलीनं पाऊस पुसला, धुरानं काळी झाली म्हणून बारा भोकं जुनी झाली, गारा कोरड्या झाल्या. एवढ्या मोठमोठ्या साहेबांनी एवढं केल्यावर मी एक रेघ ओढली तर काय मोठं?

पेन काढलं. टोपणही काढलं. आणि परत लावलं. इमानदारी वगैरे काही नाही, भ्यालो. हप्ता कमी भरलाय, हिशेब जुळवला की पकडले जाऊ, हे डोक्यात आलं. फाईल तशीच खाली नेऊन दिली. साहेबांनी न उघडता ढिगावर ठेवली.

गुरुवार, ५ मे

महानंदाला सांगितलं. सगळं, घड्याळासकट. वाटलं ओरडेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. शेवटची भाकरी उतरवून म्हणाली, "तिला सांगा." एवढंच. आणि घड्याळ खाली काढून ट्रंकेत ठेवलं.

सोमवार, ९ मे

उद्या सांगतो.

मंगळवार, १० मे

गिरणीवर गर्दी होती. उद्या.

सोमवार, १६ मे

काल बसव जयंतीच्या मिरवणुकीत गंगम्मा दिसली. मला बघून लांबून हात हलवला, आणि मी — मी गल्ली बदलली. चार वर्षं लोक माझ्याशी जे करत होते तेच. तेव्हा ठरवलं.

आज सकाळी गिरणीवर गेलो. इंजिन चालू, पट्टा धडधडतोय, पाच-सहा बाया ज्वारीचे डबे घेऊन ओळीनं उभ्या. गंगम्मा डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "अक्का, तुमचा क्लेम मिळणार नाही."

"काय?"

"क्लेम मिळणार नाही!"

"मोठ्यानं बोल तम्मा, पट्टा चालू हाय!"

शेवटी ओरडलो. जीव खाऊन. "तुमचा क्लेम मिळणार न्हाई! तुमच्या कागदावर गारा न्हाईत! मीच लिहिल्या न्हाईत! चूक माझी हाय!"

तिनं इंजिन बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. अशी शांतता मी गारा थांबल्यावर ऐकली होती. सगळ्या बाया माझ्याकडे बघताहेत.

"परत सांग," ती म्हणाली.

परत सांगितलं. जून, हप्ता, रकाना, घड्याळ. खाली बघून. तिनं पदरानं तोंड पुसलं. पीठ आणखीच पसरलं.

"म्हंजे मी गारांचा पैसा भरला न्हाई, आन् गारांचा पैसा मागून राहिले?"

"हाव."

"कंपनीला काय वाटंल? गंगम्मा लबाड हाय. अंगठा लावून फसवायला बसली."

"तसं कुणी—"

"माझ्या मालकानं ही गिरणी वीस वर्षं चालवली. कुणाचं मूठभर पीठ इकडचं तिकडं झालं न्हाई." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं होतं. "छप्पर गेलं तर गेलं. तू कंपनीला कागद लिही. चूक तुझी, माझी न्हाई. आन् मला वाचून दाखव."

मग इंजिनाला हँडल मारलं. साखराबाईचा डबा पुढं होता. माझ्याकडे बघत साखराबाईनं तो असा आपटला की पीठ उडालं.

बुधवार, १८ मे

पत्र लिहिलं. "विमाधारक श्रीमती गंगम्मा यांचा यात काहीही दोष नसून, प्रस्तुत एजंटाने स्वतःच्या स्वार्थासाठी रकाना क्र. १३ कोरा ठेवला." गिरणीवर जाऊन वाचून दाखवलं. "स्वार्थासाठी" तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "टाक पेटीत." तिच्यादेखत रजिस्टर केलं. पावती तिनं मागून घेतली.

गल्लीत दोघांनी नमस्कार घेतला नाही. एकानं घेतला, पण तो बहिरा आहे.

शनिवार, २८ मे

चेक आले! सातही! जाड पाकिटात, माझ्या पत्त्यावर, वाटायला.

माझ्या अकरा "नव्या" भोकांचे जे आले त्यात चार पत्रे येतील. गारा ज्वारीएवढ्या असल्यानं अण्णारावला त्याहून कमी. तो म्हणाला, "एकोणचाळीस दिवसांचा बर्फ मी याच्याहून महाग घातला."

सातवं पाकीट उघडलं आणि खाली बसलो. गंगम्मा. पूर्ण रक्कम. एक पैसा कापलेला नाही. सोबतच्या कागदावर सर्व्हेअरचा तो एकच शब्द — "संपूर्ण". तेरावा रकाना कुणी बघितलाच नाही! शिक्के बघितले, दाखला बघितला, गारांची मापं बघितली. जे बघायचं होतं ते सोडून सगळं बघितलं.

पळत गिरणीवर गेलो. तिनं चेक दोन्ही हातांत धरला, पीठ लागू नये म्हणून लांब. डोळे भरले. सगळ्या बायांना ओरडून सांगितलं, "बघा! तम्मानं खरं लिहिलं म्हणून दिलं! कंपनीला खऱ्याची कदर हाय!"

साखराबाई माझ्याकडे बघून हसली. बारा दिवसांनी पहिल्यांदा.

मी चेकवरची तारीख बघितली. १२ मे. माझं पत्र अठराचं.

तसाच घरी आलो.

रविवार, २९ मे

चार घरांतून विचारणा. विमा काढायचाय म्हणे! "गंगम्माला दिलं तसं खरं खरं लिहा." म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

शुक्रवार, १० जून

गंगम्मा आज साडेआठच्या गाडीनं लातूरला गेली, पत्रे आणायला. चेक वटला, पैसे काल बँकेतून काढले. पोचवायला स्टँडवर गेलो तर पोस्टमननं तिथंच कंपनीचं पत्र हातात दिलं. "आपण प्रामाणिकपणे कळविल्याबद्दल आभारी आहोत. सदर चेक नजरचुकीने गेला असून, ती रक्कम विमाधारकाकडून तात्काळ परत घ्यावी. आपल्या एजन्सीबाबत स्वतंत्रपणे कळवण्यात येईल."

गंगम्मानं विचारलं, "कुणाचं रे पत्र, तम्मा?"

म्हटलं, "पाहुण्यांचं."

घडी करून खिशात घातलं. गाडीत गर्दी फार. आधी मी चढलो आणि तिला खिडकीजवळची जागा धरून दिली.